उंदरांना मुद्दाम कॅन्सर का द्यावा लागला?

केतकी_नाशिक | १० जून, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. प्रश्न घरातला आहे, पण उत्तर घरात मिळेना म्हणून इथे विचारतेय.

लेक एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी जी लॅब मिळालीय तिथे उंदरांच्या पाठीवरचे केस काढून त्यावर रसायन लावतात. तीन-चार महिन्यांत तिथे गाठी येतात, मग त्या गाठींवर औषधं तपासतात. परवा फोनवर म्हणाली, "आई, आजारी उंदराला बरं करायचं असतं तर मी आनंदाने केलं असतं. इथे आधी त्याला आजारी पाडायचंय, तेही माझ्या हाताने." आणि रडायला लागली. मला काही सुचलं नाही. सासूबाईंचा तोंडाचा कॅन्सर आम्ही सगळ्यांनी घरात बघितलाय, त्यामुळे "कशाला हवं ते संशोधन" असंही म्हणवत नाही.

मला एवढंच विचारायचंय की हे सुरू कुणी केलं? धडधाकट उंदराला कॅन्सर द्यावा असं पहिल्यांदा कुणाला आणि का वाटलं? त्यातून खरंच काही हाती लागलं का? प्राण्यांबरोबर प्रत्यक्ष काम केलेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा.

पिंपळपान | १० जून, रात्री ९:३२

वाचतेय. लेकीला सांगा, रडू आलं यात वाईट काही नाही.

रानवाटा | १० जून, रात्री ९:५०

ताई, तुमच्या मुलीला जे वाटलं ते बरोबर आहे असं माझं स्पष्ट मत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. त्याचं आयुष्य दोन वर्षांचं, खाणं वेगळं, चयापचय वेगळा. त्याला गाठ आणायची आणि त्यावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढायचे हे मला कधीच पटलं नाही. तिने पेशींवर किंवा संगणकावर काम करणारी लॅब शोधावी.

जुनी_वही | १० जून, रात्री ११:०५

केतकीताई, मी पॅथॉलॉजी शिकवायचो, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तुमचा प्रश्न इतका थेट आहे की झोप लांबवून लिहितोय.

सुरुवात उंदरापासून नाही, धुरांड्यापासून झाली. लंडनमध्ये लहान पोरांना अरुंद धुरांड्यांत चढवून काजळी काढून घेत. ही पोरं मोठी झाली की त्यांच्यात वृषणाच्या कातडीचा कॅन्सर दिसायचा. पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ साली लिहिलं की याचं कारण काजळी आहे. पुढे डांबराच्या कारखान्यांतल्या कामगारांतही कातडीचे कॅन्सर दिसले. संशय होता, पुरावा नव्हता. काजळीत शेकडो पदार्थ, त्यातला नेमका कुठला? आणि खरंच काजळीच, की त्या पोरांची उपासमार, घाण, आणखी काही? माणसावर तर प्रयोग करता येत नाही. म्हणून जनावरांना डांबर लावून बघायचे, काही आठवडे किंवा महिने लावायचे, काही होत नाही म्हणून सोडून द्यायचे. जवळजवळ १४० वर्षं हे जमलं नव्हतं.

जमवलं ते टोकियोच्या कात्सुसाबुरो यामागिवा यांनी. ते बर्लिनला फिरखो या नावाजलेल्या जर्मन पॅथॉलॉजिस्टकडे शिकलेले. एकाच जागी सतत जळजळ होत राहिली की पेशी बिघडतात हे फिरखोचं म्हणणं त्यांना तपासायचं होतं. सोबतीला पशुवैद्यक शिकलेले कोइची इचिकावा. सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला दर दोन-तीन दिवसांनी कोलटार, म्हणजे दगडी कोळशाचं डांबर, लावायचं, इतकाच प्रयोग, पण तो थांबवायचा नाही. महिने गेले तरी लावत राहिले. १९१५ साली त्यांनी जाहीर केलं की कानावर खरा कॅन्सर झालाय. त्या आनंदात यामागिवांनी एक हायकू लिहिला होता. १९१८ साली त्सुत्सुई यांनी तेच उंदराच्या पाठीवर करून दाखवलं. ताई, तुमच्या मुलीच्या प्रोजेक्टची वंशावळ थेट इथपर्यंत जाते.

उंदीर का? लहान, शेकड्यांनी पाळता येतो, गाठ काही महिन्यांत येते. सशाच्या मानाने सगळंच लवकर.

आता "हाती काय लागलं" याबद्दल. लंडनमध्ये अर्नेस्ट केनवे आणि त्यांचे सहकारी डांबर गाळून, वेगळं काढून, त्यातला दोषी शोधत बसले. १९३० साली त्यांनी दाखवलं की एकच शुद्ध रसायनही कॅन्सर करू शकतं. पुढे गॅस कारखान्यातलं २ टन डांबर घेतलं आणि त्यातून चिमूटभर पिवळे स्फटिक काढले, १९३३ साली. त्याचं नाव बेंझोपायरीन. दोन टनांतून चिमूटभर! डांबराचा कुठला अंश पुढे न्यायचा आणि कुठला फेकायचा हे ठरवायला त्यांच्याकडे दोनच साधनं होती. एक, प्रकाशात तो अंश कसा चमकतो ते, आणि दुसरं, उंदराची पाठ. सिगारेटच्या धुरात, जळक्या मांसात बेंझोपायरीन असतं हे आपण आज सहज म्हणतो, त्याच्या मागे हे आहे.

घाटावरचा | ११ जून, सकाळी ७:२०

काका, सुंदर प्रतिसाद. पण मी असं वाचलं होतं की कॅन्सर पहिल्यांदा डेन्मार्कच्या फिबिगरने केला आणि त्याला त्याबद्दल नोबेलही मिळालं. मग यामागिवा पहिले कसे?

जुनी_वही | ११ जून, सकाळी ८:४५

बरोबर वाचलंत, दुखरी जागा आहे ती. योहानेस फिबिगर यांना मोठ्या उंदरांच्या जठरात गाठी दिसल्या आणि त्यात बारीक जंत. हे जंत झुरळांतून येतात हे त्यांनी शोधलं, उंदरांना तसली झुरळं खाऊ घातली आणि १९१३ साली सांगितलं की जंतांमुळे कॅन्सर झाला. १९२६ चं नोबेल त्यांना मिळालं. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा लक्षात आलं की त्या गाठी बहुतेक कॅन्सरच्या नव्हत्याच, आणि उंदरांच्या खाण्यात अ जीवनसत्त्व कमी पडल्याने जठराचं अस्तर तसं झालं होतं. माणूस प्रामाणिक होता, कष्टाळू होता. पण यामागिवांचं डांबर आजही तेच उत्तर देतं, आणि ते नोबेलविना १९३० साली गेले. मला याचं अजून वाईट वाटतं.

टवाळ_पोरगा | ११ जून, सकाळी ९:०२

नोबेलसाठी झुरळं पाळावी लागतात हे आईला दाखवतो. आमच्या स्वयंपाकघरात लॅब तयारच आहे.

रानवाटा | ११ जून, सकाळी ९:४०

जुनी_वही काका, आदर आहे, पण फिबिगरचं उदाहरण माझ्याच बाजूचं नाही का? चुकीचं खाणं दिलं, चुकीचा निष्कर्ष निघाला. साखरेऐवजी वापरतात त्या सॅकरिनचंही तेच. मोठ्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी आल्या म्हणून १९७७ साली अमेरिकेत बंदी घालायला निघाले, डब्यांवर धोक्याची सूचना छापली, आणि २००० साली यादीतून काढलं, कारण ती क्रिया त्या प्राण्याच्या लघवीच्या खास रसायनामुळे होते, माणसात होत नाही. मग १९९८ ची गोष्ट. फोकमन या संशोधकाच्या, गाठीचा रक्तपुरवठा तोडणाऱ्या औषधांनी उंदरांच्या गाठी विरघळल्या, पेपरात पहिल्या पानावर आलं, कंपनीचा शेअर एका दिवसात कितीतरी पट वर गेला. माणसांत तसं काही झालं नाही. रुग्णांनी काय आशा धरली असेल?

बॉस्टनकर | ११ जून, दुपारी १२:१०

रानवाटा, दोन्ही उदाहरणं खरी आहेत, आणि प्रयोगशाळेतले लोक ती विसरत नाहीत. मी इथे उंदरांच्या जनुकांवर काम करते. थोडं वेगळं सांगते, कारण या सगळ्यात एक बाई आहे जिचं नाव फार कमी लोकांना माहीत असतं.

ॲबी लॅथ्रॉप. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावची निवृत्त शाळामास्तरीण. कोंबड्या पाळून बघितल्या, जमलं नाही, म्हणून शौकिनांसाठी रंगीबेरंगी उंदीर पाळू लागली. ओट आणि बिस्किटं घालायची, पिंजरे साफ करायला गावातली मुलं. हार्वर्डचे लोक तिच्याकडून उंदीर न्यायला लागले. १९०८ च्या सुमारास तिला काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसल्या. तिने नमुने शास्त्रज्ञांना पाठवले, लिओ लोब यांनी सांगितलं की हा कॅन्सर आहे. पुढची दहा वर्षं दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिले. प्रयोग तिच्याच गोठ्यात व्हायचे. कुठल्या घराण्यात स्तनाच्या गाठी जास्त, कुठल्यात कमी, हे ती वहीत टिपायची. उंदरीची अंडाशयं काढली तर स्तनाच्या गाठी कमी होतात हे त्यांनी १९१६ साली छापलं. स्तनाचा कॅन्सर आणि हार्मोन यांचं नातं एका गोठ्यात दिसलं होतं!

हार्वर्डचा एक विद्यार्थी, क्लॅरेन्स कुक लिटल, याने १९०९ पासून सख्ख्या भावंडांचा संकर पिढ्यान्‌पिढ्या करून एकसारख्या उंदरांचं वाण तयार केलं, डीबीए. वीस पिढ्या असं केलं की सगळे जवळजवळ जुळ्यांसारखे होतात. मग एकाला गाठ आली आणि दुसऱ्याला नाही तर फरक औषधाचा की जनुकाचा हा घोळ राहत नाही. लॅथ्रॉपच्याच उंदरांपासून १९२१ साली त्याने सी-५७-ब्लॅक वाण काढलं. २००२ साली उंदराचा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, छापला गेला तो याच काळ्या उंदराचा. लिटलने १९२९ साली मेन राज्यात बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरी काढली. १९४७ च्या वणव्यात ती जळाली, सुमारे ९०,००० उंदीर गेले. पण ज्या ज्या प्रयोगशाळांना त्यांनी पूर्वी उंदीर दिले होते, त्यांनी आपापल्या पिंजऱ्यांतले परत पाठवले आणि वाणं वाचली. इथे कुणी पाहुणा आला की मी ही गोष्ट सांगतेच.

त्याच लॅबमध्ये जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवलं की कॅन्सर होणाऱ्या घराण्यातली पिल्लं जन्मताच दुसऱ्या आईच्या अंगावर पाजली तर मोठेपणी त्यांना स्तनाच्या गाठी फार कमी होतात. म्हणजे दोष दुधातून येत होता. तो विषाणू निघाला.

कोकणकन्या | ११ जून, दुपारी ३:३०

या दुधाच्या गोष्टीचा एक धागा मुंबईत येतो, म्हणून लिहिते. पुण्याच्या कमल रणदिवे, १९१७ चा जन्म, हुजूरपागा, मग फर्ग्युसन. मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि पुढे उंदरांच्या स्तनकर्करोगावरच आयुष्य घातलं. परळच्या कॅन्सर संशोधन संस्थेत आयसीआरसी नावाचं उंदरांचं वाण होतं, त्यात हा कॅन्सर भरपूर व्हायचा. त्याचा अभ्यास त्यांच्याकडे. विशेष म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, टिश्यू कल्चरची, प्रयोगशाळाही आपल्याकडे त्यांनीच उभी केली. माणसात असा दुधातला विषाणू आहे का हे बघायला १९७१ च्या सुमारास मुंबईच्या पारशी बायकांचं दूधही इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासलं गेलं. माणसात ते सिद्ध झालं नाही.

पण मी खरं तर मशेरीबद्दल लिहायला आले. केतकीताई, तुमच्या सासूबाईंचं वाचलं आणि आजी आठवली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, बोटाने दात घासायची, मग तशीच गालात. घरातल्या सगळ्या बायका. आजीला गालाचा कॅन्सर झाला तेव्हा ती म्हणे, "मशेरीने कुठे काय होतं, ती तर दात राखते." गावात सगळ्यांचं हेच. मुंबईच्या कॅन्सर संशोधन संस्थेत सुमती भिडे आणि सहकाऱ्यांनी मशेरीचा अर्क उंदरांवर तपासला, गाठी आल्या, १९८८ साली छापूनही आलं. वर काकांनी लिहिलंय ना, जळक्या पदार्थांतली रसायनं. मशेरीत तंबाखू भाजलेलीच असते. परदेशात कुणी मशेरी तपासायला जाणार नव्हतं. आमच्या आजीसाठी ते काम आपल्याच बायकांनी केलं. आजी गेली १९८३ ला. आईने मात्र मशेरी सोडली आणि सोडवलीही.

केतकी_नाशिक | ११ जून, सायंकाळी ५:१०

कोकणकन्या, सासूबाईंचीही मशेरीच. मी हा प्रतिसाद वाचून बराच वेळ गप्प बसले होते.

खलबत्ता | ११ जून, रात्री ८:००

थोडं अवांतर. ताई, मुलीच्या प्रयोगात गाठी आणायला एक रसायन एकदाच आणि नंतर दुसरं आठवड्यातून दोनदा लावतात का? असेल तर त्या दुसऱ्याचं मूळ आमच्या औषधी कपाटात आहे. जयपाळ, म्हणजे जमालगोटा. मी वैद्य आहे. ऑक्सफर्डच्या बेरेनब्लम आणि शुबिक यांनी १९४७ साली दाखवलं की उंदराच्या पाठीवर कॅन्सरकारक रसायन एकदाच, अगदी थोडं लावलं तर बहुधा काही होत नाही. नुसतं जमालगोट्याचं तेल लावलं तरी होत नाही. पण आधी ते रसायन आणि नंतर वारंवार हे तेल, की गाठी येतात. मधे काही महिने गेले तरी येतात. उलट्या क्रमाने लावलं तर येत नाहीत. म्हणजे पहिल्या घावाची खूण पेशीत जपून राहते. माझी आई म्हणते तसं, विरजण लावलं तरी ऊब मिळाल्याशिवाय दही लागत नाही. कॅन्सर एका फटक्यात होत नाही, टप्प्याटप्प्याने होतो, हे इतकं स्वच्छ इथे कळलं.

टवाळ_पोरगा | ११ जून, रात्री ८:१२

वैद्यबुवा, जमालगोट्याचे आतापर्यंत फक्त लग्नाच्या पंगतीतले किस्से ऐकले होते. पोटात गेला तर कॅन्सर होतो का?

खलबत्ता | ११ जून, रात्री ८:२५

त्या प्रयोगावरून तसं म्हणता येत नाही. तिथे तेल कातडीवर, महिनोन्‌महिने. आम्ही बी गाईच्या दुधात शोधन, म्हणजे शुद्धी, केल्याशिवाय वापरत नाही, आणि तरीही मात्रा अगदी जपून. घरी कुणी प्रयोग करू नये, पंगतीत तर मुळीच नाही.

बॉस्टनकर | ११ जून, रात्री ९:४०

मशेरीवरून सिगारेटचं सांगायलाच हवं. १९५३ साली वाइंडर, ग्रॅहम आणि क्रोनिंगर यांनी सिगारेटच्या धुराचा अर्क उंदरांच्या पाठीवर लावला. ४४ टक्क्यांना कॅन्सर झाला. रुग्णांची आकडेवारी त्याआधीच आली होती, पण लोकांना हलवलं ते उंदरांच्या त्या चित्रांनी. जानेवारी १९५४ मध्ये सिगारेट कंपन्यांनी मिळून ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत पानभर निवेदन दिलं, त्याच्या पहिल्याच वाक्यात उंदरांवरच्या प्रयोगांचा उल्लेख आहे. आणि कंपन्यांनी जी संशोधन समिती काढली तिचा वैज्ञानिक प्रमुख कोण झाला? तोच लिटल, ज्याने ही वाणं तयार केली. पुढची अनेक वर्षं तो पुरावा अपुरा आहे असंच सांगत राहिला. ज्याच्यामुळे माझं रोजचं काम शक्य झालं, त्याच्याबद्दल हे लिहिताना मला राग येतो. ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढायचे. १९५७ साली फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले.

सदाफुली | ११ जून, रात्री ११:५५

मी सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझ्या भाच्याला पाचव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. उपचारातलं एक इंजेक्शन होतं व्हिन्क्रिस्टीन. डॉक्टर म्हणाले, हे सदाफुलीपासून काढतात. तीच, आपल्या अंगणातली, देवाला वाहतो ती. माझं इथलं नाव त्यावरून आहे. पुढे मी शोधून वाचलं. १९५० च्या दशकात एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोदा आणि सहकारी वनस्पतींचे अर्क रक्ताच्या कॅन्सरच्या उंदरांना देऊन बघत होते. त्या उंदरांमध्ये कॅन्सरच्या पेशी मुद्दाम टोचलेल्या होत्या. सदाफुलीचा अर्क दिलेले उंदीर जगले, त्यावरून ती ओळखली. १९६३ पासून औषध वापरात आलं. ते उंदीर डीबीए वाणाचे होते, आणि आज बॉस्टनकर यांचं वाचून कळलं, ते वाण म्हणजे १९०९ साली सुरू झालेलं तेच.

भाचा आता बारावीला आहे. रानवाटा, मला तुमच्याशी वाद घालायचा नाही. फक्त मला त्या उंदरांचे आभार मानावेसे वाटतात आणि कुठे मानायचे ते कळत नाही.

रानवाटा | १२ जून, सकाळी ६:५०

सदाफुली, हे वाचून काल जे लिहिलं त्यातला आवेश जरा कमी झाला. "कधीच पटलं नाही" हे मी मागे घेतो. एवढंच म्हणेन, की जिथे पेशींवर भागतं तिथे उंदीर वापरू नये. रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच मांडलं होतं की पर्याय असेल तर तो घ्या, संख्या कमी करा, यातना कमी करा. ते होतं का, कुणी सांगेल?

भल्या_पहाटे | १२ जून, दुपारी २:१५

मी सांगतो. मी एका संस्थेच्या ॲनिमल हाऊसमध्ये बावीस वर्षं आहे. शास्त्रज्ञ नाही, उंदरांचं खाणं-पाणी, पिंजरे, भुसा, पिल्लांची नोंद हे माझं काम.

आधी कसं होतं आणि आता कसं, यात फरक पडलाय. आता एथिक्स कमिटी विचारते की इतकेच उंदीर का, कमी चालतील का. कमिटीत बाहेरचा माणूस असतो. गाठ किती वाढू द्यायची याची मर्यादा कागदावर आधी लिहावी लागते, सहसा वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या पुढे नाही. त्याआधीही उंदीर वाकून बसला, अंगावरचे केस पिंजारले, खाणं सोडलं, की थांबायचं. हे सगळ्यात आधी आम्हाला दिसतं, कारण रोज सकाळी बघणारे आम्हीच. एकदा एका मुलाला आकडे पूर्ण करायला आणखी चार दिवस हवे होते. मी रजिस्टर घेऊन मॅडमकडे गेलो. प्रयोग तिथेच थांबला. तो मुलगा महिनाभर माझ्याशी बोलला नाही, नंतर बोलला.

पूर्ण चांगलं आहे असं नाही म्हणणार. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही चौघं आळीपाळीने आतच राहायचो, उंदरांना सुट्टी नसते.

केतकीताई, तुमच्या मुलीसारख्या मुली दरवर्षी येतात. रडणाऱ्या असतात त्यांच्या हातून उंदरांचे हाल कमी होतात, हे माझं बघितलेलं आहे.

पिंपळपान | १२ जून, दुपारी २:४०

दादा, तुमचा प्रतिसाद सगळ्यात आवडला. वाचनखूण साठवली.

केतकी_नाशिक | १४ जून, रात्री ९:३०

मंडळी, लेक शनिवारी घरी आली होती. तिला अख्खा धागा वाचायला दिला. यामागिवापाशी काही बोलली नाही. मशेरीपाशी उठून आजीच्या फोटोकडे गेली. भल्या_पहाटे यांचं मात्र दोनदा वाचलं.

प्रोजेक्ट घ्यायचं म्हणतेय. गाईडना तिने विचारलंय की गटात दोन उंदीर कमी केले तर हिशेब जमेल का. ते म्हणाले, संख्याशास्त्राच्या सरांना विचारून सांगतो. रानवाटा, हे तुमच्यामुळे.

सोमवारपासून सुरू. तिला विचारायचंय, पहिल्या दिवशी उंदीर हातात कसा घ्यायचा?

भल्या_पहाटे | १५ जून, सकाळी ५:४०

शेपटीला धरून उचलू नको म्हणावं. पूर्वी सगळे तसंच उचलायचे. इंग्लंडमध्ये २०१० साली तपासलं तेव्हा दिसलं की शेपटीने उचललेला उंदीर हाताला घाबरतो, आणि ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचललेला स्वतः जवळ येतो. पिंजऱ्यात एक नळी ठेवायची, तो आत शिरला की नळीसकट उचलायचा.

सेंट लावून येऊ नको. पहिले तीन-चार दिवस रसायन वगैरे काही नाही, नुसता हात पिंजऱ्यात ठेवून शांत बसायचं. सकाळी लवकर आली तर बरं, तेव्हा आत गडबड नसते.